विद्यापीठाचे मैदान आणि बारा जागा



यावल हे व्यासांचे गाव मानले जाते. गुरुपौर्णिमेला इथल्या व्यास मंदिरात किती गर्दी होते हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. अशा गावात व्यासपीठावर उभे राहून तत्त्वज्ञानाच्या जुन्या मास्तराने ब्रह्म आणि माया यांवर बोलावे, अशी तुमची अपेक्षा असेल. आज आम्ही बोलणार आहोत ते कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि धावणे यांवर. त्यातही आपल्या भागाच्या विद्यापीठाने या खेळांचे काय केले, यावर.

विद्यापीठ म्हणजे आजचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे. मुंबई-पुण्याच्या मानाने लहान, प्रादेशिक विद्यापीठ. प्रश्न असा, की अशा विद्यापीठाने खेळांचा विभाग चालवायचा कशासाठी? पदकांसाठी म्हणाल, तर आपला हिशेब पाच मिनिटांत संपेल आणि आपण चहाला मोकळे होऊ. आमचे म्हणणे वेगळे आहे. लहान विद्यापीठाचा क्रीडा विभाग अंतर कमी करण्यासाठी असतो. एखाद्या मुलीचे घर आणि मैदान यांच्यातले अंतर. ते किलोमीटरचे असते, पैशांचे असते, आणि 'हे आपल्यासाठी नाही' या समजुतीचेही असते. खानदेशातल्या विद्यापीठीय खेळाचा इतिहास हा या अंतराचा इतिहास आहे.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात काय कळते, असे कोणी मनात म्हणत असेल. तर बघा, प्लेटोची अकादमी आपण जगातल्या पहिल्या विद्यापीठांत धरतो. ती जागा मुळात अथेन्सबाहेरची व्यायामशाळा होती. ॲरिस्टॉटलचे लायसीयमही तसेच. पोरे कुस्ती खेळायला, पळायला जमत, तिथेच हे लोक बसून वाद घालत. प्लेटो स्वतः कुस्तीगीर होता असे सांगतात. 'रिपब्लिक'मध्ये तो म्हणतो, की व्यायाम शरीरासाठी आणि संगीत मनासाठी अशी वाटणी करू नका, दोन्ही मनासाठीच आहेत. म्हणजे मैदान आधी आले आणि वर्ग नंतर. आपल्याकडे उलटे झाले. वर्ग आधी बांधले आणि मैदान 'निधी उपलब्ध झाल्यावर' असे ठरले.

आता मागे जाऊ. विद्यापीठ येण्याआधी खानदेशात खेळ नव्हते असे नाही. गावोगाव तालमी होत्या. यात्रेत कुस्त्यांची दंगल व्हायची, अजूनही होते. लहान पोरांच्या कुस्तीपासून सुरुवात, शेवटची मानाची कुस्ती संध्याकाळी. आणि बारागाड्या! बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांवर माणसे बसवायची आणि भगताने त्या ओढायच्या. जळगाव जिल्ह्याबाहेरच्या पाहुण्याला हे सांगितले तर खरे वाटत नाही. ही आपली ताकदीची परंपरा. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, हे सगळे पुरुषांचे होते. बायका बघायला. दुसरी, हे त्या दिवसापुरते होते. यात्रा उठली की आखाडा पुन्हा शांत. वर्षभराचा सराव ज्याच्या घरी दूधदुभते आणि सवड होती त्याचाच.

इंग्रजांनी इथल्या माणसांची शरीरशक्ती ओळखली, पण आपल्या कामासाठी. १८२५ साली जेम्स औटरॅमने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. धरणगाव हे तिचे ठाणे. सातपुड्यातला माणूस डोंगर कसा चढतो, किती चालतो, हे त्याने शिकारीत बरोबर राहून पाहिले होते. त्या चपळाईला त्याने गणवेश आणि कवायत दिली. आदिवासी तरुणाच्या शरीराकडे सरकारचे पहिले पद्धतशीर लक्ष गेले ते बंदोबस्तासाठी. त्याने खेळावे म्हणून कोणी काही करायला आणखी दीडशे वर्षे लागली.

मग येते १९३६. आपल्या यावल तालुक्यातले फैजपूर. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. राजकीय इतिहास तुम्हांला पाठ आहे. आम्हांला त्यातली एकच बाब घ्यायची आहे. त्या अधिवेशनासाठी मुंबईहून ज्योत आणली गेली ती पायी, धावणाऱ्यांनी एकमेकांच्या हातात देत. चारशेहून जास्त किलोमीटर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकला ऑलिंपियाहून मशाल धावत नेली गेली होती, आणि ऑलिंपिकमध्ये असे प्रथमच घडले होते. चार महिन्यांनी तसेच दृश्य आपल्या फैजपूरला. शिवाय झेंड्याची दोरी अडकली तेव्हा शिरपूरकडचा एक तरुण त्या उंच खांबावर चढून गेला आणि ती सोडवून आला, हीही आठवण आपल्याकडे सांगतात. धावणारे आणि चढणारे, दोघेही गावातालुक्याची साधी पोरे होती. त्यांना अंगमेहनतीची सवय होती. संधी एका अधिवेशनापुरती मिळाली. अधिवेशन संपले, मंडप उतरला, पोरे शेतात परत गेली. यात्रेचेच झाले पुन्हा.

प्रसंग आणि व्यवस्था यांतला फरक तो हाच. प्रसंग माणसाला एकदा उभे करतो. व्यवस्था त्याला दर वर्षी, ओळख नसताना, जातगोत न विचारता बोलावते. खेळात ही व्यवस्था आपल्या देशात दोन दारांनी आली. एक दार पुणे, बडोदा, अमरावती अशा ठिकाणच्या संस्थांचे. डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले, बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूला नियमात आणले, अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. दुसरे दार विद्यापीठांचे. १९२५ साली विद्यापीठांचे मंडळ स्थापन झाले, १९३५-३६ पासून क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला, पुढे इतर खेळांच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा आल्या. १९५६-५७ पासून सर्वोत्तम विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक मिळू लागला.

या दोन्ही दारांपासून खानदेश लांब होता. तोपर्यंत आपण मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत, पण कक्षेत म्हणजे कागदावर. अमळनेरला प्रताप महाविद्यालय आणि जळगावला मूळजी जेठा महाविद्यालय निघाले ते १९४५ च्या सुमारास. गंमत अशी, की त्याच अमळनेरात श्रीमंत प्रतापशेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढले होते. म्हणजे खानदेशात वेदान्ताच्या संशोधनाची सोय आधी झाली आणि बी.ए.च्या वर्गाची जवळजवळ तीस वर्षांनी. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना याचा अभिमान वाटतो, पण मॅट्रिक झालेल्या यावलच्या पोराला त्याचा काय उपयोग! त्याला महाविद्यालयासाठी जिल्हाच सोडावा लागे.

१९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि आपण मुंबईकडून पुण्याकडे गेलो. पुढे १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले आणि १९६२ साली कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. त्यानंतर पुणे विद्यापीठाकडे पाच जिल्हे उरले : पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे आणि जळगाव. आता एक साधे गणित करू. कबड्डीचा संघ बाराचा. सात मैदानात, पाच राखीव. विद्यापीठाचा मुलांचा संघ एक आणि मुलींचा एक. म्हणजे पाच जिल्ह्यांतल्या सगळ्या महाविद्यालयांतल्या सगळ्या मुलींसाठी जागा बारा.

त्या बारा जागांसाठी स्पर्धा कोणाशी? तर पुण्याच्या मुलींशी. जिथे संध्याकाळी दिवे लावून सराव होतो, क्लब आहेत, मार्गदर्शक आहेत. आपली मुलगी चाचणीला जायची कशी? जळगाव ते पुणे चारशे किलोमीटर, यावलहून आणखी चाळीसएक. रात्रीच्या गाडीत बसून जायचे, सकाळी उतरून तशीच मैदानात. बरोबर कोण येणार? राहायचे कुठे? हे प्रश्न घरातच विचारले जात आणि घरातच संपत. आपल्याकडच्या कुणाची निवड झाली नाही असे आम्ही म्हणत नाही. पण निवड होणारा पोरगा विलक्षण असावा लागे किंवा त्याच्यामागे विलक्षण माणूस असावा लागे.

विलक्षण माणसाचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण तुम्हांला माहीत आहे. खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिकडे जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट आपण फार अभिमानाने सांगतो. आम्हांला तिच्यात अभिमानाइतकीच काळजी दिसते. प्राचार्याला घर गहाण ठेवावे लागले, याचा अर्थ तिथे व्यवस्था नव्हती. आणि ज्या महाविद्यालयात खर्डेकर नव्हते तिथल्या खाशाबाचे काय झाले, हे इतिहास कधीच सांगू शकत नाही. जे घडलेच नाही त्याची नोंद राहत नाही. खेळाच्या इतिहासात न खेळलेल्यांचे पान कोरेच राहते.

१५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. एन. के. ठाकरे, गणिताचे प्राध्यापक. गिरणेच्या काठी बांभोरीजवळ माळरानावर परिसर उभा राहिला. त्या वेळी लोक काय बोलत ते आठवून बघा. पुण्याची पदवी गेली, आता जळगावच्या पदवीला कोण विचारणार? नोकरीच्या बाजारापुरता तो प्रश्न खराच होता. पण मैदानावर काय झाले? पुणे विद्यापीठाकडे बारा जागा राहिल्या आणि आपल्या दोन जिल्ह्यांसाठी नव्या बारा तयार झाल्या. कबड्डीच्या बारा, खो-खोच्या बारा, व्हॉलीबॉलच्या बारा. शंभर मीटर पळणाऱ्याची जागा, गोळाफेकीची जागा, कुस्तीच्या प्रत्येक वजनगटातली जागा. विद्यापीठाच्या विभाजनाने पदवीचे वजन किती कमी झाले यावर लोकांनी पुष्कळ लिहिले. विभाजनाने मैदानात किती जागा वाढल्या, हे मोजायचे कुणाला सुचले नाही.

पुढे १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. विद्यापीठाने खेळांसाठी आपल्या क्षेत्राचे चार विभाग धरले : जळगाव, एरंडोल, धुळे आणि नंदुरबार. एरंडोल हे तालुक्याचे गाव, पण क्रीडा विभागाच्या नकाशावर ते जिल्ह्यांच्या रांगेत बसले. आमच्या मते या विद्यापीठाच्या क्रीडा इतिहासातला हा फार शहाणपणाचा निर्णय आहे. कारण पायऱ्या बघा. आधी विभागातल्या महाविद्यालयांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. त्यांतून विभागाचा संघ. मग चार विभागांच्या आंतरविभागीय स्पर्धा. त्यांतून विद्यापीठाचा संघ, मग प्रशिक्षण शिबिर, मग पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा, जिथे गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशची विद्यापीठे येतात. तिथून पुढे अखिल भारतीय. म्हणजे विद्यापीठाच्या संघात न आलेल्या मुलीलाही विभागाच्या संघात जागा आहे. बारा जागांच्या खाली आणखी चार वेळा बारा, अठ्ठेचाळीस जागा निर्माण झाल्या. पुण्याच्या काळात जिला गाव सोडायचे धाडस लागत होते, तिला आता पहिली पायरी एस.टी.च्या एका तिकिटावर मिळते.

आता यावर एक आक्षेप येतो आणि तो सरळ ऐकला पाहिजे. जागा वाढल्या, पण दर्जा? आपला संघ पश्चिम विभागात जातो आणि पुष्कळदा लवकर परत येतो. आझाद करंडकाची यादी बघा. पंजाब विद्यापीठ, पतियाळाचे पंजाबी विद्यापीठ, अमृतसरचे गुरू नानक देव विद्यापीठ, हीच नावे फिरून फिरून येतात. २०२० साली भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या, त्यात पंजाब विद्यापीठ पहिले आणि आपले जुने मातृविद्यापीठ, पुण्याचे, दुसरे. आपण त्या रांगेत नाही.

खरे आहे. पण ज्यांची नावे वर आहेत त्यांनी काय केले तेही बघावे. त्यांच्याकडे मैदाने, वसतिगृहे आणि पगारी मार्गदर्शक आहेत, आणि तयार खेळाडू त्यांच्याकडे प्रवेश घ्यायला येतात. तिकडे अमेरिकेत तर विद्यापीठाचा फुटबॉल संघ म्हणजे गावाचा मोठा उद्योग. तिकिटे विकली जातात, सामने दूरचित्रवाणीवर दिसतात. लहान गावातल्या विद्यापीठाचा सामना असेल तर दुकाने लवकर बंद होतात. आपल्याकडे तसे काही नाही. आपला आंतरविभागीय खो-खोचा अंतिम सामना बघायला किती लोक असतात? दोन संघ, पंच, चार प्राध्यापक आणि कुंपणाला टेकलेली शाळेची पोरे. तिकीट नाही, जाहिरात नाही. म्हणूनच आपल्याला हा प्रश्न स्वच्छपणे विचारता येतो, की प्रेक्षक नसताना, पैसा नसताना हे चालवायचे कशासाठी? ज्याच्याकडे फक्त शिक्षणाचे कारण उरले आहे, त्याला ते कारण नीट सांगता आले पाहिजे.

आमच्या दृष्टीने उत्तर त्या मैदानावर कोण आले, यात आहे. आधी मुलींचे बोलू. बारागाड्या बघायला उभी राहणारी आजी आणि खो-खोच्या खांबाला वळसा घालणारी नात यांच्यात किती अंतर आहे? दोन पिढ्यांचे. ते तोडायला मोठमोठी भाषणे उपयोगी पडली नाहीत, लहान सोयी पडल्या. शाळेत अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास असतो. बारावी संपली की तो संपतो, आणि पुष्कळ मुलींचा खेळही तिथेच संपत असे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले. क्रीडा धोरणाच्या कुठल्याही कागदात याची नोंद नसेल, पण सरावाला थांबून उशिराच्या गाडीने घरी जाणाऱ्या मुलीला ते धोरणच आहे.

महाविद्यालयाच्या आतही अंतर असते. आमच्या नोकरीच्या काळात एका महाविद्यालयात कबड्डीच्या मुलींना स्पर्धेच्या दिवशी हजेरीपटावर गैरहजर मांडले जाई. विद्यापीठाच्या पत्रावर त्या विद्यापीठासाठी खेळायला गेलेल्या आणि वर्गाच्या वहीत गैरहजर! आम्ही कर्मचारी बैठकीत विचारले, की हजर म्हणजे नक्की काय? बाकावर बसणे म्हणजे हजर? बराच वाद झाला. शेवटी लाल शाईने वेगळी खूण करायचे ठरले. छोटी गोष्ट, पण दोघींच्या घरी त्या खुणेवरच पुढच्या वर्षाची परवानगी अवलंबून होती.

दुसरे, सातपुड्याच्या पायथ्याचे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता डोळ्यांपुढे आणा. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, किनगाव, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा. हा रस्ता आपल्या विद्यापीठाची उत्तरेची कडच आहे. त्याच्या एका बाजूला केळीचे मळे, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि त्यात तडवी, पावरा, भिल्ल वस्त्या. यावलला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धा होतात, तेव्हा डोंगराकडची पोरे अनवाणी कशी पळतात ते ज्यांनी पाहिले त्यांना आम्ही वर्णन करून सांगायची गरज नाही. अडचण नंतर येते. आश्रमशाळेत जेवण आहे, निवास आहे, स्पर्धा आहे. बारावीनंतर महाविद्यालयात तो मुलगा एकटा पडतो. आणि स्पर्धांचा मोसम कोणता? पावसाळा ओसरल्यापासून हिवाळ्यापर्यंत. नेमकी कापूस वेचणी. एका दिवसाचा सामना म्हणजे एका दिवसाची मजुरी. विद्यापीठ प्रवासखर्च आणि दैनिक भत्ता देते, पण तो संघात निवड झाल्यावर. निवडीसाठी जो महिनाभर सराव करायचा, त्या महिन्याची मजुरी कोण देणार? हे अंतर अजून तुटलेले नाही, आणि आमच्या मते आज सगळ्यांत मोठे तेच आहे.

तिसरे, जे निघून जातात त्यांचे. चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा आणली. खानदेशाने मिरवणुका काढल्या, काढायलाच हव्यात. पण त्यांची तयारी पुण्यातल्या तालमीत झाली. वरच्या दर्जाला पोचायचे तर आजही खानदेश सोडावा लागतो. लहान विद्यापीठाने यावर रडू नये. शिखर घडवणे त्याच्या ताकदीबाहेरचे असेल. पण शिखराकडे जाणारी पहिली पायवाट गावापासून असली पाहिजे, ती बांधणे त्याच्या ताकदीत नक्की आहे.

विजय चौधरी पुढे पोलिस उपअधीक्षक झाले. त्यावरून आजच्या मैदानाकडे येतो. पहाटे पाच वाजता यावलच्या कुठल्याही रस्त्याला बघा, पोरे-पोरी पळताना दिसतील. ही कुठल्या स्पर्धेची तयारी? पोलिस भरतीची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. खानदेशातला आजचा सर्वांत मोठा क्रीडा कार्यक्रम हाच आहे आणि तो विद्यापीठाच्या वेळापत्रकात नाही. काही विद्वान याला नाके मुरडतात, म्हणे हा खेळ नव्हे, नोकरीची धडपड. आम्हांला तसे वाटत नाही. औटरॅमच्या काळी सरकार डोंगरात येऊन माणूस निवडत होते, आज तरुण स्वतः उठून पळतो आहे, नियम वाचून, घड्याळ लावून. फरक मोठा आहे. दुःख एवढेच, की तो डांबरी रस्त्यावर, ट्रकच्या दिव्यांत पळतो. पंधरा मिनिटांवरच्या महाविद्यालयाच्या मैदानाला त्या वेळी कुलूप असते. मैदान महाविद्यालयाचे, विद्यार्थी महाविद्यालयाचा, आणि मध्ये कुलूप.

ते कुलूप उघडायचे कोणी? इथे आपण माणसापाशी येतो. प्रत्येक महाविद्यालयात क्रीडा संचालक नावाचे पद असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याला अध्यापकाच्या बरोबरीचे मानले आहे. २०१८ च्या नियमांत तर त्याची शारीरिक चाचणीही आहे : तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत १८०० मीटर अंतर कापावे, स्त्री उमेदवाराने आठ मिनिटांत १००० मीटर. आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला कुणी असे पळवले नाही हे आमचे भाग्य. तर पद असे मोलाचे. पण हा माणूस निवृत्त झाला की जागा रिकामी राहते, मग काम दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकाकडे 'अतिरिक्त' म्हणून येते किंवा तासिका तत्त्वावर कुणी येतो. तासिका तत्त्वावरचा शिक्षक पहाटे पाचला कुलूप उघडेल ही अपेक्षा कोणत्या नीतिशास्त्रात बसते? विद्यार्थी जिमखाना फी भरतो ती मात्र दर वर्षी पूर्ण.

आणि आता २०२० चे शैक्षणिक धोरण आले आहे. त्यात खेळ, योग, राष्ट्रीय सेवा योजना, एन.सी.सी. यांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक मिळतात. इतक्या वर्षांनी खेळ गुणपत्रिकेत आला. आनंदच आहे. पण सावधही राहिले पाहिजे. १९६३ साली चीनच्या युद्धानंतर महाविद्यालयांत एन.सी.सी. सक्तीची झाली, आणि १९६८ साली ती ऐच्छिक करावी लागली. शिकवणारा माणूस, साहित्य आणि मैदान नसताना सगळ्यांना एकदम रांगेत उभे केले की रांगेची नोंद होते, कवायत होत नाही. खेळाच्या श्रेयांकाचेही तसे होऊ शकते. मैदानावर न येता श्रेयांक मिळू लागले, तर तो हजेरीपटावरच्या लाल शाईचा अगदी उलटा प्रकार होईल. तेव्हा खेळलेली मुलगी गैरहजर होती, आता न खेळलेला मुलगा हजर असेल.

ॲरिस्टॉटलने 'राज्यशास्त्र' ग्रंथात एक निरीक्षण नोंदवले आहे. ऑलिंपिक विजेत्यांच्या यादीत, मुलगा असताना जिंकलेला आणि पुढे मोठेपणीही जिंकलेला माणूस दोन-तीनच सापडतात. कारण लहानपणीच अतिरेकी सराव करून त्यांची ताकद संपवली जाते. त्याला सांगायचे होते ते हे, की विजेत्यांची यादी बघून शिक्षणाची परीक्षा करू नका. शिक्षणाची परीक्षा पुढच्या आयुष्यात होते. खो-खो खेळलेली मुलगी पुढे ग्रामपंचायतीत उठून बोलते का, हरायची सवय असलेला मुलगा भरतीत नापास झाल्यावर पुन्हा उभा राहतो का, ही खरी गुणपत्रिका. हे पदकतक्त्यात दिसत नाही.

म्हणून आमच्या तीन मागण्या. पहिली, विद्यापीठाने दर वर्षी पदकांच्या यादीबरोबर आणखी एक यादी छापावी : कोणत्या तालुक्यातून किती मुले आणि किती मुली स्पर्धेत उतरल्या. यावलचा आकडा आपल्याला कळू द्या. तो वाढला तर विद्यापीठ जिंकले, मग पश्चिम विभागात काहीही होवो. दुसरी, संघात निवड होण्याआधीच्या सरावाच्या महिन्यासाठी गरजू मुलांना भत्ता. रक्कम मोठी नाही, पण कापसाच्या फडातून मैदानात यायला तेवढी पुरते. तिसरी, पहाटे मैदानाचे कुलूप काढा. याला निधी लागत नाही, ठराव लागतो.

२०१८ साली विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव मिळाले. असोद्याच्या, शाळेची पायरी न चढलेल्या शेतकरी बाईचे नाव. आपला संघ आता परराज्यात जातो तेव्हा त्या नावाने मैदानात उतरतो. ज्यांच्यापर्यंत शाळा पोचली नाही त्यांचे नाव विद्यापीठाने घेतले, तर ज्यांच्यापर्यंत मैदान पोचले नाही त्यांची जबाबदारीही त्याने घेतली, असे आम्ही समजतो. बारा जागा पुण्याहून जळगावला आल्या, जळगावहून एरंडोलला आणि नंदुरबारला आल्या. आता त्या रस्त्यावर पळणाऱ्या पोरांपर्यंत यायच्या राहिल्या आहेत.